'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे 'हिअर' की 'हिअरिंग'?

शाईवाला

मेलच्या शेवटी, सहीच्या जरा वर, आपल्याकडे एक वाक्य हमखास असतं: 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' नोकरीच्या अर्जात, कोटेशनखाली, सोसायटीच्या सेक्रेटरींनी महापालिकेला लिहिलेल्या पत्रात, सगळीकडे. आणि बऱ्याचदा ते असंच, म्हणजे चुकलेलं असतं. 'हिअर' नाही, 'हिअरिंग' हवं. 'टू मीट यू' नाही, 'टू मीटिंग यू'. 'टू वर्क विथ यू' नाही, 'टू वर्किंग विथ यू'.

नियम सांगणारे व्हॉट्सॲपवर पैशाला पासरी आहेत. असं का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

शाळेत 'टू'ची ओळख होते ती 'टू अधिक व्ही-वन' या जोडीतून. टू गो, टू ईट, टू रीड. टू दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे मास्तरांनी इतकं घोटून घेतलेलं असतं की 'टू हिअरिंग' वाचताना कानाला खटकतंच. पण हा टू दोन नोकऱ्या करतो. एक ही क्रियापदाची. दुसरी साध्या शब्दयोगी अव्ययाची: 'टू पुणे', 'टू माय ब्रदर'. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, इंग्रजीत पुढून येतं, एवढाच फरक. नाम दोन्हीकडे लागतंच. 'लुक फॉरवर्ड टू'मधला टू हा असा नाम मागणारा आहे. त्याच्या पुढे 'युवर रिप्लाय' चालतं, 'द मँगो सीझन' चालतं. क्रियापदच बसवायचं असेल तर आधी त्याचं नाम करून घ्या, आणि इंग्रजीत ते 'आयएनजी' लावून होतं.

हे आपल्याला अवघड का वाटावं? आपण तर रोज हेच करतो. 'वाट पाहणे'ला षष्ठी लागते. कशाची वाट? एसटीची, पावसाची, उत्तराची. क्रियापद आलं की निमूटपणे त्याचं धातुसाधित नाम करतो आणि म्हणतो, 'भेटण्याची वाट पाहतोय.' 'भेट वाट पाहतोय' असं शेंबडं पोरही म्हणणार नाही. 'टू मीट यू' लिहिणारा इंग्रजीत नेमकं तेच म्हणत असतो.

---

पेठेतला पाहुणा

+१. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मी याहून भारी नमुने पाहिलेत. 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय', 'लुकिंग फॉरवर्ड युवर रिप्लाय', आणि एका महाभागाचं 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर यू'. त्याला बहुधा फोनवर गाणं ऐकायचं असावं.

---

मावळतीकर

छान धागा. छत्तीसगडपासून चंदगडपर्यंत सगळीकडचे विद्यार्थी हीच चूक करतात. आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, म्हणून थोडी भर घालतो.

पाहुणे, तुमची तिन्ही वाक्यं निरनिराळ्या आजारांची आहेत. 'फॉर' येतो तो 'वेटिंग फॉर'वरून, कारण मनात 'वाट पाहतो' असतं. टू गळतो, कारण बोलताना तो नीट ऐकूच येत नाही. आणि 'हिअर यू' म्हणजे तुमचा आवाज कानावर पडणं, 'हिअर फ्रॉम यू' म्हणजे तुमच्याकडून निरोप येणं, 'हिअर अबाउट यू' म्हणजे तुमच्याविषयी तिसऱ्याकडून कळणं. शेवटचं क्लायंटला लिहू नये. गैरसमज होतील.

पण खरी गडबड 'लुक फॉरवर्ड'पेक्षा 'यूज्ड टू'मध्ये होते. 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणजे मी पाचला उठत असे; आता नाही उठत. आपला रीतिभूतकाळ. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणजे मला पाचला उठण्याची सवय आहे, आजही उठतो. मध्ये एक 'ॲम' आला आणि मूळ रूपाचं 'आयएनजी' झालं, त्यासरशी माणसाची दिनचर्याच बदलली. पहिला टू क्रियापदाचा, दुसरा नामाचा. मुलाखतीत 'आय ॲम यूज्ड टू वर्क लेट' म्हणणारे उमेदवार बिचारे नेमकं काय कबूल करतायत ते समोरच्याला अंदाजाने घ्यावं लागतं.

---

बोरिवली फास्ट

अर्थ पोचला ना? मग झालं की. 'हिअर' लिहिल्यामुळे कुणाचं उत्तर यायचं राहिलंय का? आपण इंग्रजांची चाकरी सोडून पाऊणशे वर्षं झाली, त्यांच्या 'आयएनजी'ची अजून किती काळजी करायची?

शिवाय आता मेलमध्ये पहिले दोन शब्द टाइप केले की पुढचं फिकट अक्षरांत आपोआप येतं. टॅब दाबा, हाय काय नाय काय.

---

शाईवाला

बोरिवलीकर, उत्तर येतं, खरंय. पण तुम्ही 'मी मुंबईत जातो आहे उद्याला काल' लिहिलंत तरी उत्तर येईल. मेल वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल तर त्याच्याकडे तुमच्याविषयी दुसरं काहीच नसतं, तीन ओळी आणि एक सही. नोकरीच्या अर्जात तर हे शेवटचं वाक्य असतं, म्हणजे वाचून झाल्यावर डोळ्यांत राहणारं.

टॅबचं म्हणाल, तर जीमेलने ते वाक्य पुरवायला २०१८ साली सुरुवात केली. त्यानंतर चूक कमी झाली असावी असं मलाही वाटायचं, पण माझ्या इनबॉक्सकडे बघून तसं म्हणवत नाही. लोक फिकट अक्षरांकडे दुर्लक्ष करून नेटाने स्वतःचं टाइप करतात.

---

तिरपागडे

शाईवाले, 'वाट पाहण्याची' ती षष्ठीची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण एक शंका. 'भेटण्याची आशा आहे.' इथेही षष्ठी, इथेही धातुसाधित नाम. मग इंग्रजीत 'आय होप टू मीटिंग यू' लिहू का? 'भेटण्याची इच्छा आहे', तर 'आय विश टू मीटिंग यू'?

तुमच्या किल्लीने भलतीच कुलपं उघडतायत.

---

मावळतीकर

तिरपागडे यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मराठीतली षष्ठी 'आयएनजी' का येतो हे पटवायला उपयोगी आहे, पण कुठे येतो हे ठरवायला नाही. ती पारख इंग्रजी वाक्यातच करायची.

मी वर्गात अशी करून घ्यायचो: टूच्या पुढचं क्रियापद काढून टाका आणि तिथे 'इट' ठेवा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट.' जमलं. म्हणजे हा टू नामाचा, पुढे 'आयएनजी'. 'आय होप टू इट', 'आय वॉन्ट टू इट', 'आय एक्स्पेक्ट टू इट'. नाही जमलं, वाक्य लंगडलं. म्हणजे हा टू क्रियापदाचा, पुढे मूळ रूप. 'आय ॲम यूज्ड टू इट', जमलं. 'आय ऑब्जेक्ट टू इट', जमलं. म्हणून 'आय ऑब्जेक्ट टू पेइंग'. 'ही रिझॉर्टेड टू इट', म्हणून 'रिझॉर्टेड टू बॉरोइंग'. 'इन ॲडिशन टू', 'प्रायर टू', 'व्हेन इट कम्स टू', 'विथ अ व्ह्यू टू', सगळे याच घरातले.

फक्त 'अग्री टू'पाशी सावध राहा. 'आय अग्री टू इट' चालतं आणि तरीही 'आय अग्रीड टू पे' हेच बरोबर, 'टू पेइंग' नव्हे. काही क्रियापदं दोन्ही टू बाळगून असतात. त्यांची पाठांतराशिवाय सुटका नाही, पण ती मोजकी आहेत.

---

तिरपागडे

मास्तर, दंडवत. शंका फिटली.

---

स्टुटगार्टची सून

ही चूक फक्त आपली नाही हो! इथे ऑफिसात माझे जर्मन सहकारी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' इतक्या आत्मविश्वासाने लिहितात की पहिल्यांदा मला वाटलं मीच चुकतेय. त्यांचं कारण वेगळं आहे. जर्मनमध्ये हेच वाक्य 'इश फ्रॉये मिश दाराउफ, फॉन इनेन त्सू ह्योरेन' असं होतं. त्यातला 'त्सू' म्हणजे टू, आणि त्याच्या पुढे ठामपणे क्रियापदाचं मूळ रूप. ते बिचारे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करतात आणि फसतात.

गंमत म्हणजे जर्मनमध्येही नामाला लागणारा शब्द आहेच, तो त्या 'दाराउफ'मध्ये दडलाय. 'आउफ' हे अव्यय नाम मागतं, म्हणून ते लोक त्याच्या आधी 'दा' म्हणजे 'ते' असं एक खोटं नाम ठेवतात आणि मग मोकळेपणाने खरं क्रियापद मागून जोडतात. मावळतीकर सरांची 'इट' ठेवायची युक्ती जर्मन भाषेने स्वतःच्या व्याकरणात बसवून टाकलीय असं म्हणा ना.

---

पेठेतला पाहुणा

_/\_ हे भारी आहे. म्हणजे त्यांचा 'दा' आणि मास्तरांचा 'इट' सख्खे भाऊ.

---

कोशातली वाळवी

आता एक पायरी पुढे. 'तुम्ही येण्याची वाट पाहतोय' की 'तुमच्या येण्याची वाट पाहतोय'? मराठीत दोन्ही चालतं. इंग्रजीतही हाच पेच आहे: 'आय लुक फॉरवर्ड टू यू जॉइनिंग अस' की 'टू युवर जॉइनिंग अस'?

यावरून जाणकारांत कडाक्याचं भांडण झालेलं आहे. फाउलर या इंग्रज कोशकाराला 'यू जॉइनिंग' अजिबात खपत नसे. 'जॉइनिंग' हे नाम आहे ना, मग त्याच्या आधी 'युवर' ही षष्ठीच हवी, असा त्याचा हट्ट. १९२६च्या आपल्या कोशात त्याने या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' म्हणून झोडपून काढलंय. त्याच्या विरोधात उभा राहिला तो इंग्रजही नव्हता, ऑटो येस्पर्सन हा डेन्मार्कचा व्याकरणकार. त्याचं म्हणणं, चांगले चांगले लेखक असं लिहीत आलेत, तुमचा नियम त्यांच्या लिखाणावर बसत नसेल तर नियम तपासा.

माझं मत येस्पर्सनच्या बाजूने. बोलण्यात आणि साध्या मेलमध्ये 'यू जॉइनिंग' बिनधास्त लिहा. औपचारिक पत्रात 'युवर' शोभतं. नाव मोठं असेल तर मात्र षष्ठीचा हट्ट सोडाच. 'द चेअरमन ऑफ द हाउसिंग सोसायटीज जॉइनिंग' लिहून बघा, वाचणारा धापा टाकेल.

आणि बोरिवली फास्ट यांच्यासाठी एक खाऊ: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत 'अकस्टम्ड टू डू' असं मूळ रूप राजरोस सापडतं. आज तिथे 'डूइंग' लिहितात. म्हणजे इंग्रजांचाही टू कधीकाळी हलत होताच.

---

बोरिवली फास्ट

बघा! म्हणजे मी फक्त दीडशे वर्षं उशिरा जन्मलो.

---

काउंटर नंबर चार

व्याकरण झालं, आता जरा भावाबद्दल. मी बँकेत आहे, दिवसभर पत्रं लिहिते आणि वाचते. 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे नुसती वाट पाहणं नाही, आनंदाने वाट पाहणं. त्यामुळे ते कुठे लिहायचं नाही हेही कळायला हवं. थकलेल्या हप्त्याच्या नोटिशीत 'वी लुक फॉरवर्ड टू युवर पेमेंट' लिहिलं की ते खवचट वाटतं. एका प्रार्थनासभेच्या निरोपात 'वी लुक फॉरवर्ड टू युवर प्रेझेन्स' वाचलंय मी. व्याकरण चोख, 'प्रेझेन्स' नाम, टू बरोबर. आणि तरी अंगावर काटा.

अशा जागी साधं लिहावं. पैसे हवे असतील तर 'प्लीज पे बाय' आणि तारीख. उत्तर हवं असेल तर 'प्लीज लेट अस नो बाय फ्रायडे'. तारीख नसलेल्या 'लुकिंग फॉरवर्ड'ला कुणी भीक घालत नाही, हे या खिडकीमागून सांगते.

'एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय' मात्र नको. त्यात 'उत्तर द्यायलाच हवं' असा दम आहे. 'वेटिंग फॉर युवर रिप्लाय'मध्ये थोडी कुरबुर आहे. 'अवेटिंग युवर रिप्लाय' कोरडं, सरकारी, पण चालतं.

---

जुनी फाईल

सरकारी म्हटलंत म्हणून हा निवृत्त कारकून जागा झाला.

आपल्याकडे पत्राच्या शेवटी 'थँकिंग यू,' लिहून स्वल्पविराम देतात आणि खाली 'युवर्स फेथफुली'. तो स्वल्पविराम तिथे का, हे कुणी विचारलंय का कधी? कारण ते वाक्य पूर्वी तिथे संपत नसे. 'थँकिंग यू, आय रिमेन, सर, युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट', असं ते सहीपर्यंत एका दमात वाहत जायचं. सही हाच वाक्याचा शेवट. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'सुद्धा त्याच साच्यातलं: 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू, आय ॲम, युवर्स फेथफुली'. ओबिडियंट सर्व्हंट गेले, 'आय रिमेन' गेलं, आणि वाक्याचं नुसतं तोंड मागे राहिलं. धड नाही.

म्हणून औपचारिक पत्रात 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असं कर्त्यासकट पूर्ण वाक्य लिहावं आणि पूर्णविराम द्यावा. ओळखीच्या माणसाला 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू'. अगदीच घरोबा असेल तर कर्ता गाळून 'लुकिंग फॉरवर्ड'. जितकं काही गाळाल तितकी सलगी.

अवांतर: आपल्या जुन्या पत्रांतलं 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती' याच जातीचं. लोभ असो वा नसो, लिहायचं असे.

---

कैरीचं लोणचं

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. काका, सर, मावशी, सगळ्यांनी मदत करा. अर्जाचा शेवट असा लिहिलाय: 'आय होप माय प्रोफाइल सूट्स युवर रिक्वायरमेंट. लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर पॉझिटिव्ह रिप्लाय अँड टू वर्क विथ युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन. थँकिंग यू इन अँटिसिपेशन, युवर्स सिन्सिअर्ली.' सुरुवात 'डिअर सर' अशी आहे.

---

मावळतीकर

स्वागत आहे, बाळ. एकेक घेऊ.

'डिअर सर'ने सुरू केलंस तर शेवट 'युवर्स फेथफुली'. 'युवर्स सिन्सिअर्ली' ही 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिस' आणि पुढे आडनाव असेल तेव्हा. नाव जाहिरातीत दिलं असेल तर नावानेच लिही, ते जास्त बरं.

'पॉझिटिव्ह रिप्लाय' काढ. उत्तर कसं द्यायचं ते त्यांनी ठरवायचंय. 'एस्टीम्ड' काढ. 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' काढ. कामाआधीच आभार मानून घेतले की समोरच्याला बांधून टाकल्यासारखं होतं. 'थँक यू फॉर युवर टाइम' पुरे.

आणि आपलं मुख्य वाक्य. 'फॉर' नाही, टू. मग दोन्ही गोष्टी एकाच टूवर बसवायच्या तर दोन्ही नामं हवीत. 'युवर रिप्लाय' नाम आहे, पण 'टू वर्क' मध्येच क्रियापद होऊन बसलंय. शिवाय नोकरी मिळायच्या आधीच कामाला लागण्याची वाट पाहू नये, ते उतावीळ दिसतं. म्हणून: 'आय वुड बी ग्लॅड टू डिस्कस माय ॲप्लिकेशन विथ यू. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.'

बघ, 'ग्लॅड टू डिस्कस'ला मूळ रूप आणि 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग'ला आयएनजी. 'ग्लॅड टू इट' होत नाही ना, म्हणून.

---

काउंटर नंबर चार

लोणचं, 'डिस्कस अबाउट' मात्र लिहू नकोस हं. सरांनी नुसतं 'डिस्कस' लिहिलंय ते मुद्दाम.

---

कैरीचं लोणचं

खूप खूप आभार! इन अँटिसिपेशन नाही, खरेच. :)

---

तिरपागडे

जाता जाता एक कोडं टाकतो. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू वर्क ऑन मंडे.' चूक की बरोबर? कोशातल्या वाळवीने उत्तर देऊ नये, बाकीच्यांना संधी द्या.

---

बोरिवली फास्ट

मी देतो. चूक. 'वर्किंग' हवं. शिकलो की नाही?

---

तिरपागडे

शिकलात, पण 'वर्क' हे नामही आहे! 'आय लुक फॉरवर्ड टू वर्क' म्हणजे मी कामाची वाट पाहतोय. व्याकरण बिनचूक. 'टू डान्स', 'टू ट्रॅव्हल' यांचंही तेच, नाम म्हणून घेतलं तर बरोबर. 'टू वर्क विथ यू' मात्र वाचणारा क्रियापद म्हणूनच वाचणार, तिथे 'वर्किंग'च लिहा.

---

बोरिवली फास्ट

सोमवारी कामाची आनंदाने वाट पाहणारा माणूस दाखवा, मग व्याकरण मान्य करतो.

---

काउंटर नंबर चार

आमच्याकडे एक आहेत. निवृत्तीला दोन महिने राहिलेत त्यांच्या.